नकाशातले बूट

डिंकबाईला तिचे वडील फक्त गुडघ्यापर्यंत माहीत होते. पायांत बूट, डाव्या बुटाची नाडी सुटलेली, वर तपकिरी पँटीचे दोन पाय, आणि त्याच्या वर भोक. भोकातून भिंतीचा चुना दिसायचा. शाळेत कुणी विचारलं, तुझे बाबा कसे दिसतात, की ती बिनधास्त सांगायची, त्यांची नाडी सुटलेली असते. पोरं हसायची. हसोत बापडी, त्यांच्या घरी असा नकाशा तरी कुठे होता.

नकाशा होता फुटबॉलच्या वेडाने झपाटलेल्या लोकांसाठी काढलेला. एका रेडिओ कंपनीने नवा रेडिओ घेणाऱ्यांना तो भेट म्हणून दिला होता, सामन्याचं वर्णन ऐकताना समोर ठेवायला. कंपनी पुढे बंद पडली, रेडिओ भंगारात गेले, आणि नकाशे कुणाकुणाच्या भिंतींवर वाळवीच्या आणि ओलीच्या पोटात गेले. आता हा नकाशा म्हणजे आपण शाळेत टाचण्या टोचून लावायचो तसला रुक्ष प्रकार नव्हे. यात डोंगराच्या टोकावर बसून रेफरी शिट्टी पुसत होता. ढगांआडून दोन गोलकीपर एकमेकांकडे चेंडू फेकत होते. नदीतल्या माशांनीसुद्धा कुठल्यातरी संघाचे पट्टे अंगावर घेतले होते. गावोगावची मैदानं हिरव्या बश्यांसारखी मांडलेली, आणि प्रत्येक मैदानाकडे माणसांच्या रांगा लागलेल्या, कुणी आगगाडीतून, कुणी सायकलवर, आणि एक पठ्ठ्या तर चक्क शिडी घेऊन. तिकीट न काढता बघायचा बेत असणार त्याचा.

खाली उजव्या कोपऱ्यात नदीचा धक्का होता. पलीकडच्या मैदानावर जायला तिथून होडी सुटायची. धक्क्याच्या पायऱ्यांवर माणसांची झुंबड, आणि त्या झुंबडीत ते बूट.

"चित्रकार पायऱ्यांवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना कागदावर उतरवत होता," आई सांगायची. "यांना म्हणाला, जरा थांबता का. उशीर झाला होता, होडी सुटायची वेळ, तरी थांबले. नाडी बांधायला वेळ नाही, पण चित्रासाठी वेळ आहे. असा स्वभाव."

चित्र छापून आलं, रेडिओबरोबर घरी आलं, आणि पुढच्याच मोसमात सामन्याहून परत येणारी होडी उलटली. बरीच माणसं गेली, त्यात बाबा गेले. त्यांचं काही सापडलं नाही. त्यांचा एकुलता एक फोटो कारखान्याच्या ओळखपत्रावर होता आणि ओळखपत्र त्यांच्या खिशात. डिंकबाई तेव्हा आईच्या पोटात होती. आईने एक ट्रंक उचलली, नकाशा गुंडाळून काखेत मारला, आणि जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं अशा या शहरात येऊन एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीला लागली. लाँड्रीच्या मागची खोली राहायला मिळाली. नकाशा इस्त्रीच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लागला.

लहानगी डिंकबाई दुपारी त्या टेबलाखाली चादरींच्या गठ्ठ्यावर पडून असायची. वर आईचा हात दाबून फिरला की वाफ सुटायची, आणि वाफेतून नकाशा हलायला लागायचा. आगगाडी जरा पुढे सरकायची. ढग गोलकीपरांना घेऊन तरंगायचे. ती गाडीत चढायची, तिला तिकीट कुणी विचारायचं नाही, रेफरीच्या डोंगराला वळसा घालून ती पट्ट्यापट्ट्यांच्या माशांपाशी उतरायची. सगळी दुनिया सामन्याला निघालेली आणि अजून कुणीच पोचलेलं नाही, त्यामुळे कसलीच घाई नसायची. पायऱ्यांवर बूट उभे असायचे. ती जवळ जायची, मान वर करायची, आणि वर नुसती पांढरी वाफ.

इतकंच असतं तर ती सुखाने मोठी झाली असती. पण त्याच टेबलाखाली तिच्या कानावर आणखी काही पडलं. आई बाबांचं कौतुक सांगताना हातचं राखत नसे. हे पैज लावून नदी पोहून जायचे आणि तसेच परत यायचे, पुरात सुद्धा, असं ती शेजारी इस्त्री करणाऱ्या बाईला सांगायची. एक दिवस आई साबण आणायला गेली आणि ती शेजारची बाई दुसरीला हलक्या आवाजात म्हणाली, "एवढा पट्टीचा पोहणारा, आणि बुडाला? आणि अंगावरचं फडकंसुद्धा सापडलं नाही? मी सांगते, तो बुडाला नाही. पलीकडच्या काठाला लागला आणि तसाच चालता झाला. बायको गरोदर होती ना."

झालं. बोलणारीने बोलून पुढचा शर्ट घेतला, आणि टेबलाखालच्या मुलीच्या मनात ते वाक्य जन्मभरासाठी जाऊन बसलं. आईला तिने यातलं एक अक्षर विचारलं नाही. विचारणार तरी काय, माझ्यामुळे पळून गेले का? बाबा कुठे आहेत, बाबा उंच होते का, बाबांना काय आवडायचं, असलं आडूनआडून मात्र ती रोज विचारायची. आई उत्तरं द्यायची, कामाला लागण्याआधी नकाशापाशी थांबायची आणि त्या जागी तर्जनी टेकवायची. झोपण्याआधी पुन्हा तेच. त्या बोटानेच तर कागद झिजून झिजून भोक पडलं होतं, मुलीला समज येण्याच्याही आधी. मुलीला ते बघून राग यायचा. जो माणूस आपल्याला टाकून गेला असेल त्याचे इतके लाड कशाला?

तिला वाटायचं, एकदा, फक्त एकदा चेहरा दिसला की मला कळेल. टाकून जाणाऱ्याचा चेहरा आहे की बुडणाऱ्याचा. चेहऱ्यावरून माणूस ओळखू बघणारे जगात जागोजागी फसतात हे आपल्याला माहीत आहे, आणि ते तिलाही माहीत होतं, पण मनाला कोण समजावणार.

पुढे ती शिकली आणि संग्रहालयात जुने कागद दुरुस्त करायला लागली. डिंकबाई हे नाव तिथलंच. खरं तर ती डिंकाला हातही लावत नसे. डिंकाने कागद पिवळा पडतो, ती गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवून वापरायची. हे तिने सुरुवातीला सगळ्यांना समजावलं, मग नाद सोडला. हाताखालून तिने किती फाटके, कुरतडलेले, भिजलेले कागद घातले त्याला गणती नाही. कुठलंही भोक बुजवण्याआधी ती त्याची उंची, रुंदी, कुठल्या बाजूने झीज सुरू झाली, सगळं मोजून पाहायची. घरचं भोक मात्र तिने कधी मोजलं नाही. त्या नकाशाकडे ती कागद म्हणून बघतच नव्हती. भोक बुटांच्या मानाने फार उंच आहे, हे तिच्या डोळ्यांना दिसत होतं, पण लहानपणीच तिने ठरवून टाकलं होतं की बाबांच्या हातात उंच झेंडा असणार. साठी जवळ आली तरी झेंडा तिथेच होता.

आई आता पंच्याऐंशीच्या पुढे गेली होती. दोघी एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायच्या, दिवसा शेजारीण येऊन डोकावून जायची. आईचं मन आता एका जागी थांबत नव्हतं. कधी ती लाँड्रीत असायची, कधी माहेरी, कधी खिडकीत बसून कुठल्यातरी न दिसणाऱ्या गर्दीकडे बघत असायची.

"मॅच संपली का गं?" संध्याकाळी ती विचारायची.

"नाही आई, चालू आहे अजून."

"लांबली यंदा."

"हो ना. लांबलीच."

यात दोघींचं बरं चाललं होतं. पण एका सकाळी आई नकाशापुढे उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे बूट कुणाचे आहेत?" ज्या एका माणसाला तो चेहरा ठाऊक होता त्या माणसाच्या मनातूनही तो पुसला जायला लागला होता. आता उरलं काय, तर चुना.

आणि नेमक्या त्याच दिवसांत संग्रहालयात दातांचे एक डॉक्टर आले.

हे डॉक्टर दवाखाना मुलाच्या हवाली करून आता फक्त खेळांचे जुने नकाशे गोळा करायचे. ते एक मोठं पुठ्ठ्याचं पाकीट दोन्ही हातांवर घेऊन आले, आजारी मूल दवाखान्यात आणावं तसं. टेबलावर ठेवलं. डिंकबाई वाकून बघायला लागली.

"जरा हळू हं, बाई," ते म्हणाले.

"मी अजून हातही लावला नाही."

"नाही, श्वास जरा हळू."

तिने हसू दाबलं आणि वरचा कागद बाजूला केला. डोंगरावर रेफरी बसून शिट्टी पुसत होता.

घरचा रेफरी वाफेने आणि वर्षांनी करडा होऊन गेला होता. याच्या गालांवर लाली होती. तिने हातातला चिमटा खाली ठेवला.

"काय झालं?" डॉक्टरांनी घाबरून विचारलं. "फार खराब आहे का?"

"नाही. ओळखीचा आहे."

"कोण, रेफरी?"

"हो."

डॉक्टरांना ते उत्तर अगदी बरोबर वाटलं. त्यांच्याही ओळखी बहुतेक कागदावरच्याच होत्या. मग ते सुटले. असे नकाशे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असतील, हा त्यांना एका पेशंटच्या घरी कपाटाच्या फळीवर अंथरलेला सापडला, वर लोणी लावल्यासारखी बुरशी होती, तरी त्यांना बघताक्षणी कळलं. डिंकबाईचं लक्ष नव्हतं. तिची नजर ढगांवरून, आगगाडीवरून, शिडीवाल्यावरून खाली उजवीकडे धावली आणि तिथे अडली. तो कोपरा दुमडून आत गेला होता आणि ओलीने खालच्या पुठ्ठ्याला गच्च चिकटून बसला होता.

"हा कोपरा," ती म्हणाली. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "हा सोडवायला वेळ लागेल. आधी ओलावा द्यावा लागेल. घाई केली तर चित्र पुठ्ठ्यावर राहील आणि तुमच्या हातात कोरा कागद येईल."

"दाढेसारखंच आहे," डॉक्टर समजूतदारपणे म्हणाले. "ओढली की तुटते."

पुढचे काही दिवस ती जागेपणी स्वप्नात वावरल्यासारखी वावरली. ओला टिपकागद, त्यावर वाफ तेवढी जाऊ देणारं कापड, वर प्लास्टिक, त्यावर काच. काचेखाली धुकं धरायचं आणि त्या धुक्यात कोपरा हळूहळू सैल होत जायचा. ती खुर्ची ओढून शेजारी बसायची. खिडकीबाहेरच्या झाडाची सावली काचेवर यायची, मैदानांवरून सरकत नदीकडे जायची, आणि ती पुन्हा आगगाडीत बसलेली असायची, हातात खळीचा ब्रश घेऊन. कुठे उतरायचं ते तिला पक्कं माहीत होतं. उतरल्यावर काय दिसेल याचं भय होतं. समजा चेहरा तसाच निघाला, सोडून जाणाऱ्याचा. मग आईच्या इतक्या वर्षांच्या बोटाचं काय करायचं? आणि आपलं तरी काय करायचं? एकदा तिला वाटलं, राहू द्यावा कोपरा चिकटलेला, सांगावं डॉक्टरांना की निघत नाही. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन टेबलापाशी बसली होती.

कोपरा सुटला तो एका दुपारी. बांबूची पातळ पट्टी तिने कडेखाली सरकवली, आणि कागद कुरकुर न करता वर आला, झोपलेल्या मुलाने कूस बदलावी तसा. आधी मासे दिसले. मग पायऱ्या. मग बूट, त्याच त्या सुटलेल्या नाडीसह, पण रंग असा ताजा की आत्ताच पॉलिश करून आणलेत. पँटीचे पाय. गुडघे. तिने पट्टी थांबवली, श्वास घेतला, आणि जन्मात पहिल्यांदा गुडघ्याच्या वर गेली.

कोट होता, त्याला एकच बटण. दोन्ही हात वर उचललेले. झेंडा नव्हता. हातांनी दोन बारकेसे पाय घट्ट धरलेले होते. बाबांच्या खांद्यांवर एक मुलगा बसला होता. बापाची टोपी त्याच्या डोक्यात नाकापर्यंत उतरलेली, एक मूठ बापाच्या केसांत रुतवलेली, आणि हनुवटी उचलून तो नदीपलीकडच्या मैदानाकडे बघत होता. साऱ्या नकाशात मैदान दिसत असलेला तो एकटाच असावा. बाकीच्यांना पुढच्यांची डोकी आडवी येत होती.

मुलाकडे तिने नंतर बघितलं. आधी तिने भिंग घेऊन चेहरा शोधला. तांदळाच्या दाण्याएवढा. मान मागे टाकून वर बघणारा, तोंड उघडं, हसणारा. तीन रेघा आणि एक ठिपका, पण काढणाऱ्याचा हात असा की आवाज ऐकू यावा.

बाबा, ती मनात म्हणाली. इतकंच. मग ती बराच वेळ त्या हसण्याकडे बघत राहिली आणि तिचं मन हळूहळू खचत गेलं. कारण कळत काहीच नव्हतं. हसरी माणसंही सोडून जातात, किंबहुना तीच सहज जातात. जिच्यासाठी ती जन्मभर थांबली होती ती साक्ष समोर होती आणि साक्षीदार नुसता हसत होता. आणि खांद्यावर कुणाचं तरी पोर. शेजाऱ्याचं असेल, किंवा चित्रकाराने जागा भरायला घातलेलं. दुसऱ्याच्या पोराला खांद्यावर मिरवणारा, आणि आपलं यायच्या आत गायब. डिंकबाईला त्या कागदी मुलाचा हेवा वाटला. केस पिकलेल्या बाईला बोटाच्या पेराएवढ्या मुलाचा हेवा, ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण वाटला, आणि चांगला कडवट वाटला.

आईला दाखवायचं तर आताच. संग्रहालयाबाहेर कागद नेता येत नाही, तेव्हा आईलाच इथे आणायला हवं होतं, आणि त्याला मालकाची परवानगी हवी. तिने डॉक्टरांना फोन केला आणि अडखळत, अर्धंमुर्धं सांगितलं. वडिलांचं चित्र आहे म्हणाली. बाकीचं काही बोलली नाही.

"आणा ना आईंना," डॉक्टर म्हणाले. "माझ्या आईने तर माझे सगळे नकाशे रद्दीत दिले होते. कुणाची तरी आई बघू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली, चाकाच्या खुर्चीत, इस्त्रीची साडी नेसून. इस्त्री तिने शेजारणीकडून दोनदा करून घेतली होती, पहिली पसंत पडली नाही म्हणून. डॉक्टरही आले होते आणि कोपऱ्यात अवघडून उभे होते. खोलीत खिडकीचं मऊ ऊन होतं. डिंकबाईने खुर्ची टेबलाला लावली आणि वरचा कागद उचलला.

आई बघत राहिली. रेफरीकडे बघितलं, ढगांकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नाही. डिंकबाईला वाटलं, उशीर झाला. मग आईचा हात मांडीवरून उठला आणि तर्जनी पुढे आली. या टेबलावर कुणी कधी कागदाला असा हात लावलेला नव्हता. डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. डिंकबाईने आईचा हात धरला नाही.

बोट धक्क्यावर आलं, पायऱ्या चढलं, बुटांवरून गेलं, कोटावरून गेलं, त्या हसऱ्या चेहऱ्यावरूनही गेलं. तिथे थांबलं नाही. वर जाऊन मुलावर टेकलं.

आणि डिंकबाईला घरचं भोक डोळ्यांसमोर दिसलं, पहिल्यांदाच कागद दुरुस्त करणाऱ्या बाईच्या नजरेने. ते वर रुंद होतं आणि खाली निमुळतं. झीज वरून सुरू झाली होती. बाबा बिचारे ओघाने झिजले होते.

"बसलाय अजून वर," आई म्हणाली. "बरं झालं."

"आई, हा कोण?"

आईने मान वळवून तिच्याकडे बघितलं. एवढ्या मोठ्या बाईला एवढं कळू नये, असं काहीसं त्या बघण्यात होतं.

"कोण म्हणजे? तुझा दादा."

कोपऱ्यातले डॉक्टर खिडकीकडे गेले आणि पाठ करून उभे राहिले. नळाखालच्या बादलीत पाणी ठिबकत होतं. डिंकबाई शेजारच्या स्टुलावर बसली.

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू बाबांचं विचारायचीस," आई म्हणाली. "याचं कधी विचारलंच नाहीस."

त्यात तक्रार नव्हती. आई साधंच बोलत होती, काय झालं होतं ते सांगावं तसं. बाबांसाठी तिच्याकडे जन्मभराचे प्रश्न साठलेले होते, आणि या मुलासाठी एकही नव्हता.

"आता विचारते," ती म्हणाली. "कसा होता?"

"हट्टी. चालायचा म्हणून नाही. चांगला घोडा झाला होता, शाळेत घालायचा होता, तरी याला खांदा हवा. यांनीच लाडावून ठेवलेला." आईचं बोट मुलाच्या टोपीवर हलकेच फिरत होतं. तिचा आवाज इतका स्वच्छ कित्येक महिन्यांत लागला नव्हता. "त्या दिवशी माझे पाय सुजलेले. तुझ्या वेळचे दिवस ते. म्हटलं, घेऊन जा याला, जरा पडते मी. निघाले तसं पुन्हा दारात जाऊन सांगितलं. दर वेळी सांगायची मी. म्हटलं, हा उतरला की पळत सुटतो, पाण्यापाशी खांद्यावरून खाली उतरवू नका."

"मग?"

"नाही उतरवत म्हणाले."

झाडाची सावली कागदावरून सरकली. आई थांबली, आणि डिंकबाईला वाटलं, गेली पुन्हा, लाँड्रीत किंवा माहेरी. पण आई तिथेच होती, धक्क्यावर.

"नावाडी आला होता घरी," ती म्हणाली. "तो वाचला. तो म्हणाला, काठ फार लांब नव्हता हो. एकटे असते तर केव्हाच लागले असते काठाला. पाणी यांच्या तोंडाशी आलेलं, आणि हा वर. दोन्ही हातांनी धरलेला. हात असे गुंतल्यावर माणूस पोहणार कसा? नावाड्याने ओरडून सांगितलं, सोडा त्याला, मी बघतो. त्यांना ऐकू आलं नसेल." आईने बोट उचललं आणि हात मांडीवर घेतला. "किंवा आलं असेल. मी सांगितलं होतं ना, उतरवू नका. नाही उतरवला त्यांनी."

डिंकबाईने नकाशाकडे बघितलं. तांदळाएवढा चेहरा वर बघून हसत होता, आणि आता त्याला काहीही विचारायचं राहिलं नव्हतं. टेबलाखालची ती मुलगी इतकी वर्षं ज्याच्यावर रुसून बसली होती तो माणूस कुठल्याही काठाला लागला नव्हता. तिला त्याची इतकी माया आली की सोसवेना. तिला रडू फुटलं, आणि ते तिने आवरलं नाही. फक्त उठून टेबलापासून जरा मागे सरली, कागदावर पाणी पडू नये म्हणून.